आई बघते

ताई रंगमंचावर बोलायला लागल्या की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूससुद्धा सावरून बसायचा. नाटक पडलं तरी ताई पडत नाहीत, अशी त्यांची ख्याती. मग गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरला तो कागद फाडल्यासारखा खरखराट, तोही चार वाक्यांत दमायचा. "जीव वाचला हे लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले. ताईंनी ते लक्षात ठेवलं, पण वाचलेल्या जिवाचं करायचं काय, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

ताईंचे यजमान दिग्दर्शक. नाटकातली सगळी मंडळी त्यांना मास्तर म्हणत आणि टरकून असत. वर्षभराने मास्तरांनी नवं नाटक बसवायला घेतलं. मूळ इंग्रजी, मराठी त्यांनी स्वतःच केलेलं. अर्धांगवायूने वाचा गेलेली एक आई खुर्चीत बसून असते आणि तिला कोणी सांभाळायचं यावरून मुलगा आणि सून तिच्यादेखतच भांडत राहतात. एका दुपारी जेवताना मास्तरांनी संहिता ताईंच्या ताटाशेजारी ठेवली.

"आईचं काम तू कर."

ताईंनी डाव्या हाताने पानं उलटली. मुलगा बोलतो, सून बोलते, शेजारी येऊन अक्कल शिकवून जातो. अधूनमधून कंसात लिहिलेलं: आई बघते. पान उलटलं की पुन्हा, आई बघते. अगदी शेवटी, पडद्याच्या आधी: आई मुलाकडे बघते.

"हे काम आहे की दया?" ताईंनी विचारलं.

"काम आहे," मास्तर ताटात बघत म्हणाले.

तालमीची खोली एका छापखान्याच्या वर होती. खाली यंत्र सुरू झालं की वरची फरशी थरथरायची आणि खुर्चीत बसलेल्या ताईंच्या तळपायांना मुंग्या यायच्या. ताई बसल्या आणि बघत राहिल्या. मास्तर दर वेळी म्हणाले, "छान."

एवढ्या वर्षांच्या संसारात आणि नाटकांत या माणसाने कोणाला छान म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. चांगलं काम केलं तर मास्तर पुढच्या प्रवेशाकडे वळत, आणि वाईट केलं तर चपला शोधत. आता छान म्हणजे दयाच, दुसरं काय!

मुळात तरी या आईला काही काम आहे का, ते बघायला त्यांनी मास्तरांच्या टेबलावरून मूळ इंग्रजी नाटक उचललं, आपली संहिता सोबत घेतली आणि थेट भाचीचं घर गाठलं. भाची शाळेत इंग्रजी शिकवायची. तोंडाने अखंड बोलत राहून हातातलं काम न थांबवण्याची तिला सिद्धीच होती. तिने वह्या बाजूला सारल्या आणि पुस्तक उघडलं.

"मावशी, अगं इथे नुसतं बघते कुठे आहे? हे बघ, इथे ग्लान्स आहे. म्हणजे उडती नजर टाकते आणि लगेच काढून घेते. इथे पिअर. नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून बघते. आणि इथे, सून खोटं बोलते ना, तिथे स्टेअर. टक लावून. समोरच्याने पदर सारखा करावा इतका वेळ."

"आणि हे?"

"हे वॉच. काहीतरी चाललंय, ते संपेपर्यंत नजर त्याच्यावरून काढायची नाही. दूध उतू जाईल म्हणून आपण गॅसजवळ उभ्या राहतो ना, तसं."

"पुढचं?"

"गेझ. दूध उतू गेलं तरी आपण उभ्याच, तसं."

ताई हसल्या. हल्ली त्यांच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे.

"काकांनी सगळ्याला एकच शब्द लावला? मराठीत काय तुटवडा आहे का?" असं म्हणत भाचीने शेवटचं पान काढलं आणि ती थबकली. "मावशी, इथे दोन वाक्यं आहेत. पहिल्यात लुक आहे. आई मुलाकडे बघते. दुसऱ्यात सी आहे, आणि ते नकारात. तिला तो दिसत नाही."

"आंधळी होते?"

"नाही गं. डोळे त्याच्यावरच आहेत. पण डोळ्यांमागे ती नाहीये. मराठीत हे वाक्यच नाही. काकांच्या नजरेतून सुटलं असेल."

"त्यांच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही," ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी सराव सुरू केला. सरावाला घरात माणूस एकच होता. मास्तर पंखा उघडून बसले होते, जाळी मांडीवर, पातं हातात, स्क्रू बशीत. ताईंनी समोर स्टूल घेतलं आणि टक लावली.

"काय गं? तोंडाला काही लागलंय?"

ताईंनी मान हलवली आणि डोळे बारीक केले.

"चष्मा कुठाय तुझा?"

मग ताई दूध तापत ठेवल्यासारख्या बसून राहिल्या. मास्तरांनी पातं उलटं बसवलं, काढलं, पुन्हा उलटंच बसवलं. आणि तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याकडे बघतच नाही. नजर येते, कपाळाला शिवते, कानाला शिवते, पाठीमागच्या कॅलेंडरवर जाऊन बसते. हनुवटीच्या खाली तर उतरतच नाही. पूर्वी भांडायचे ते डोळ्यांत डोळे घालून. मग हे कधीपासून? ताईंनी मागे मागे जाऊन बघितलं. इस्पितळातून घरी आल्यापासून.

मानेवर आडवा व्रण होता. आरशात ताईंनाही तो आवडायचा नाही. म्हणजे असं आहे तर, असं मनाशी म्हणून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत त्यांनी कोणालाच काही सांगितलं नाही. मुलाचं काम करणारा नट चांगला उंच, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. तो नेहमीप्रमाणे तावातावाने बायकोशी भांडत आला आणि आईवर नजर पडताच वाक्य विसरला.

"ताई, अशा बघू नका ना. घाम फुटतो."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेले मास्तर या वेळी छान म्हणाले नाहीत. "ती पहिली नजर लांबली," ते म्हणाले. "निम्म्यात काढून घे."

ताईंना उडी मारावीशी वाटली. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं तर!

शेवटचा प्रवेश आला. उंट खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला. ताईंनी त्याच्याकडे डोळे लावले आणि मग आतून हळूहळू निघून गेल्या, जसा दिवा चालू ठेवून माणूस खोलीबाहेर जातो. उंटाचा चेहरा समोर होता. भिंतही समोर होती. दोन्ही सारखंच.

"बंद करा!" मास्तर ओरडले. "शेवट असा नको. आईच्या डोळ्यांत माया हवी. लोक रडले पाहिजेत."

"मुळात तसं नाही."

"मूळ गेलं खड्ड्यात! मराठी मी केलंय."

"अर्धं केलंय," ताई म्हणाल्या.

खरखराट तो केवढासा, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. मास्तरांनी मंडळींना चहाला पिटाळलं. उंट जाताना दार लावून गेला.

मास्तर येऊन ताईंच्या समोरच फरशीवर बसले.

"ही नजर कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? केली."

"मी ही आधी बघितलीय." ते फरशीशी बोलत होते. "शस्त्रक्रियेनंतर मला आत बोलावलं. तुझे डोळे उघडे होते. मी हात धरला, हाक मारली. तू बघितलंस माझ्याकडे. अशीच. मी भिंत असल्यासारखी. परिचारिका म्हणाली, भूल उतरतेय, होतं असं. संध्याकाळी तू मला ओळखलंस, पाणी मागितलंस. पण ते मधले तास..." त्यांनी नाक पुसलं. "तेव्हापासून तुझ्याकडे नीट बघायची छातीच होत नाही. वाटतं, बघायला जावं आणि पुन्हा तसंच असलं तर? म्हणून मराठीतही सगळीकडे नुसतं बघते लिहून सुटलो, आणि ते शेवटचं वाक्य गाळलं."

ताईंना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांना आठवत होती ती तहान.

"आणि मला वाटत होतं, व्रण बघवत नाही तुम्हाला."

"कसला व्रण?"

हा प्रश्न इतका खरा होता की ताई बघतच राहिल्या. मास्तरांनी खिशातून चष्मा काढला, गुडघ्यावर उठले आणि वाकून त्यांची मान बघू लागले. या कानाखालून त्या कानाखालपर्यंत.

"एवढा लांब?"

"वर्ष झालं त्याला," ताई म्हणाल्या. "शेवट मायेचा करू का? तुम्हाला हवा असेल तर करते."

खाली यंत्र सुरू झालं, फरशी थरथरली. मास्तरांनी चष्मा परत खिशात ठेवला.

"नको," ते शेवटी म्हणाले. "लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलंय. पण प्रयोगाला मी समोर बसणार नाही."

"बसा. पडदा पडला की परत येते मी."

पहिल्या प्रयोगाला मास्तर बसले नाहीत. विंगेत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पडदा पडल्यावर टाळ्या यायला इतका वेळ लागला की उंटाला वाटलं, प्रेक्षक उठून गेले. ताईंना वाया घालवलं, काही केलंच नाही त्यांनी, असं काही जण जाताना म्हणालेच. पण एक वयस्क गृहस्थ रंगपटाच्या दारापर्यंत आले, ताईंकडे बघून नुसती मान डोलावली आणि परत गेले. पुढच्या प्रयोगाला मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

आता ते संहिता नव्याने लिहितायत. रोज सकाळी चहाबरोबर भांडण होतं. सुनेकडे आई रोखून बघते की टक लावते? न्याहाळणं म्हणजे मायेनेच का? ग्लिम्प्सपाशी तर गाडी गेले कित्येक दिवस अडलेली आहे. मास्तरांनी लिहिलंय, आईला ओझरतं दिसतं. पण यात आई काही करतच नाही, मग नटीने करायचं काय, हा त्यांचाच आक्षेप. त्यावर ताईंचं म्हणणं, की दिसणं हे करण्यातलं नसतंच, आपण फक्त तिथे असायचं असतं.

मास्तरांना ते पटलेलं नाही. ते ताईंकडे रोखून बघतात, आणि ताईही नजर काढून घेत नाहीत.