सायलेन्सरचं रबर

मेकॅनिकने बॉनेट खाली सोडलं, तळहाताने दाबून बसवलं आणि फडक्याला हात पुसले.

"ताई, गाडी ठणठणीत आहे. पुलाच्या चढावर चांगली दामटून बघितली. चूं की चां नाही."

तो हळूच बोलला, तरी तिने आधी भिंतीकडे पाहिलं. टायरांच्या थप्पीशेजारी, पंख्याखाली तिचे वडील बसले होते. गॅरेजमधली एकुलती एक धड खुर्ची मागच्या दोन खेपांसारखी आजही त्यांनाच मिळाली होती.

गाडीने वेग घेतला की आवाज येतो, असं अप्पांचं म्हणणं. गाडी एका चालीत असताना नाही, उभी असताना नाही. पाय दाबला की येतो. "पत्र्याच्या डब्यात कुणीतरी चमचा फिरवतंय," असं ते सांगत. तिला तो कधी ऐकू आला नव्हता. तिने नवऱ्याला एकट्याला मुद्दाम मागे बसवून पाहिलं, त्यालाही नाही. आधी घरात सगळे हसले. मग आई गेल्यावर कितीतरी दिवस अप्पांना तिचा खोकला ऐकू यायचा, याची कुणीतरी आठवण काढली आणि हसणं थांबलं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, गाडी सोड. अप्पांना दाखव कुणाला तरी."

तिने एका डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली होती. अप्पांना सांगताना ती डोळ्यांचा डॉक्टर म्हणाली होती. हल्ली अप्पा आवाजाबद्दल आपणहून बोलेनासे झाले होते, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटत होती. सोमवारच्या आत एकदा तरी परक्या माणसाने 'आहे हो आवाज' म्हणावं, एवढ्यासाठी ती आज गाडी घेऊन आली होती.

"काय म्हणतोय?" अप्पांनी खुर्चीतून विचारलं.

"काही नाही म्हणतायत, अप्पा."

"येताना पेट्रोल पंपापाशी आला की."

मेकॅनिक त्यांच्याकडे वळला. "आजोबा, कानात प्राण आणून ऐकलं. येतच नाही, तर मी काढू काय?"

"तू बसला होतास कुठे?"

"स्टिअरिंगवर. टपावर बसून कशी चालवू?"

"आणि मागे?"

"मागे कोण असणार?"

फडक्याची घडी घालता घालता मेकॅनिक थांबला. तिने खुर्चीकडे पाहिलं. दर खेपेला ती दार उघडायची, अप्पांना हात द्यायची, 'तुम्ही बसा निवांत' म्हणायची. मेकॅनिक पंखा त्यांच्याकडे वळवायचा. मग गाडी त्यांच्यावाचून चक्कर मारून यायची. तक्रार ज्याची, त्यालाच मानाने बाहेर बसवलं जात होतं.

"अप्पांना घेऊन जाऊ या," ती म्हणाली.

"एवढ्या उन्हात कशाला त्यांना..."

"चला हो."

अप्पा मागे डावीकडे, त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. अंगाने धिप्पाड, ते बसले की गाडी त्या बाजूला किंचित झुकायची. ती पुढे न बसता त्यांच्या शेजारी बसली. "रेडिओ बंद करा. एसीपण," ती म्हणाली. गाडी चालवताना हे दोन्ही कायम चालू असायचं, हे तिला आत्ता जाणवलं.

चढ सुरू झाला. मेकॅनिकने पाय दाबला. काहीच नाही. त्याने आणखी दाबला आणि सीटखालून काहीतरी थरथरत वर आलं. आधी मांड्यांना कळलं, मग कानांना. खडखडखड.

"थांबा! नाही, थांबू नका! दाबा!"

"आहे," मेकॅनिक ओरडला. "आयला, खरंच आहे!"

अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"आजोबा, जरा मधे सरका बरं."

ते सरकले. आवाज गेला. परत कडेला बसले. आवाज आला. मेकॅनिकने चढ संपेस्तोवर त्यांना दोनदा इकडून तिकडे करायला लावलं, आणि दुसऱ्या वेळी अप्पा म्हणाले, "कवायत पुरे. कळलं ना?"

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढली. मेकॅनिकने बॅटरीच्या उजेडात एक रबर दाखवलं. मधोमध फाटलेलं.

"हे सायलेन्सरला वर धरून ठेवतं. फाटलं, म्हणून पाइप लोंबतोय. वर वजन आलं की पत्रा खाली येतो, आणि जोर दिला की पाइप हलून त्याला आपटतो. आजोबा उतरले की आवाजपण उतरला. आम्ही रिकामी गाडी पळवत बसलो."

"पण माझा नवरा बसला होता मागे."

"कुठल्या बाजूला?"

"उजव्या," ती म्हणाली. "आणि त्याच्या वजनाने घरची उशीसुद्धा दबत नाही."

मेकॅनिक गाडीखालीच हसत सुटला. नवं रबर बसेपर्यंत ती टायरांच्या थप्पीआड जाऊन उभी राहिली. फोन कानाला लावला होता, पण लावला कुणालाच नव्हता. परत आली तेव्हा नाक लाल होतं.

"धूळ फार आहे इथे," ती म्हणाली.

"आहे खरी," अप्पा म्हणाले.

घरी जाताना ते पुन्हा मागे डावीकडेच बसले. सिग्नलला गाडी थांबली.

"सोमवारी जायचंय ना आपल्याला?" अप्पांनी विचारलं.

"ते... डोळ्यांचं ना? बघू."

"फोनवर मेंदूचा म्हणत होतीस. दार नुसतं लोटलेलं होतं. माझे कान चांगले आहेत, ते तर आता त्या मेकॅनिकलाही पटलंय."

तिने आरशात पाहिलं. अप्पांनी डोळे मिटले होते. डावा तळहात सीटवर पालथा टेकलेला होता.

"म्हणून बोलायचं सोडलं मी," ते म्हणाले. "नुसता असा हात ठेवून बसायचो. हाताला तरी कळतंय का बघायचो. कळायचं. मग वाटायचं, कानांबरोबर हातालाही भास व्हायला लागले की काय."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"चल," अप्पा म्हणाले. "पुढे चढ आहे. दाब जरा."

तिने एसी बंद केला आणि पाय दाबला. गाडी चढाला लागली.

"काही नाही," ती म्हणाली.

अप्पांचा हात अजून सीटवरच होता. चढ संपला, रस्ता सपाट झाला, तेव्हा त्यांनी तो उचलला आणि काच खाली करून वाऱ्यावर धरला.