रंगरावांच्या फुलदाण्या

रंगराव देहूरोडला एका लष्करी साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी त्यांना जुन्या फ्रेंच फुलदाण्यांची जोडी दिली. पांढरीशुभ्र चिनी माती आणि तिच्यावर हातानं रंगवलेले गुलाब. "यात रोज फुलं तुम्हीच भरलीत. तुमच्याकडेच राहू द्या," असं म्हणाल्या. जोडी सदऱ्यात गुंडाळून, छातीशी धरून रंगराव घरापर्यंत चालत आले होते.

आता ती जोडी त्यांच्या मुलीच्या, विजयश्रीच्या रहाटणीतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारी होती. विजयश्री चाकणला एका कंपनीत इंजिनिअर. तिथल्याच सिद्धेशशी तिचं जमलं होतं. वडील लष्करात नोकरीला होते, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं. त्या रविवारी त्याचे आईवडील निगडीहून भेटायला आले.

सिद्धेशची आई, वासंतीबाई, आल्या आल्या फुलदाण्यांपाशी गेल्या. "अगं बाई, या तर अस्सल फ्रेंच दिसतात! कुठं मिळाल्या?"

बंगल्याचं नाव विजयश्रीच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. "कंपनीनं ट्रेनिंगला फ्रान्सला पाठवलं होतं ना, तिथून आणल्या," ती बोलून गेली. बोलली आणि तिचे कान तापले. बाबा समोरच बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

वासंतीबाई त्यांच्याकडं वळल्या. "एवढं नाजूक सामान पोरीनं आणलं तरी कसं हो?"

रंगरावांनी एकदा मुलीकडं पाहिलं. "लई जपून आणलं. कपड्यात गुंडाळून, सारी वाट हातात धरून."

पाहुणे जाईपर्यंत विजयश्रीनं पोह्यांच्या बशीतून मान वर काढली नाही.

"बाबा, चुकलं माझं," दार लावल्यावर ती म्हणाली.

"मग काय, पाव्हण्यांपुढं तुला खोटी पाडू व्हय?" एवढं बोलून ते कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर ती तडक निगडीला गेली आणि वासंतीबाईंना सगळं खरं सांगितलं.

"माळी होते तर होते. त्यात लपवायचं काय?" वासंतीबाई म्हणाल्या. "पण म्हणजे तुझे वडीलही आमच्या तोंडावर खोटं बोलले."

"ते माझ्यासाठी बोलले, काकू."

"कळतंय गं मला." पण आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता.

घरी रंगराव मेथी निवडत होते. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "तू खरं बोललीस, बरं झालं. पर आता खोटा मी ठरलो. जल्मात मला कुणी खोटा म्हनलं न्हाई, पोरी."

लग्न मोडलं नाही. बोलणी करायला दोन्ही घरं बसली. वासंतीबाई आपुलकीनं "दादा, लाडू घ्या ना," म्हणत होत्या. मोठमोठ्या साहेबांशी ताठ मानेनं बोललेले रंगराव फरशीकडं बघत नुसतं "व्हय", "चालंल" म्हणत राहिले. विजयश्री शेजारीच बसली होती. बाबांची ती मान कुणी खाली घालायला लावली, हे तिच्याशिवाय तिथं कुणालाच दिसत नव्हतं. बाकीचे हसतखेळत तारीख ठरवत होते.