नळावरून आलेला पाहुणा

मी एक जिवाणू बोलतोय. नाक मुरडू नका. सध्या मी एका गुंडाळलेल्या नॅपीत आहे, पण त्याआधी तीन आठवडे एका धडधाकट बाळाच्या आतड्यात राहत होतो. तान्ह्या बाळांच्या पोटात आमची वस्ती असतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला लाज वाटते ती मी जिथून आलो आणि जसा आत शिरलो त्याची.

प्रसूती विभागातल्या बेसिनचा नळ हे माझं घर. त्या नळाला लांब दांडा होता, हात धुतल्यावर कोपराने बंद करण्यासाठी. दवाखान्यातली औषधं पचवून पचवून मी निबर झालो होतो आणि नळावर बसून त्याचीच फुशारकी मारायचो.

तिथली एक नर्स हात धुण्याच्या बाबतीत भारी कडक. नवख्या डॉक्टरांनाही ती बेसिनकडे परत पिटाळायची. तिच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला, त्या सकाळी तिने साबण लावून हात खसाखसा चोळले आणि आनंदाच्या भरात नळ मात्र बोटांनी बंद केला. मी तिच्या करंगळीला चिकटलो. बाळ रडत होतं. आता मावशी झालेल्या त्या नर्सने त्याला उचललं, करंगळीचं टोक चोखायला दिलं. ते गप्प झालं आणि मी आत गेलो.

आत मोकळं रान होतं. एकाचे दोन, दोनाचे चार, दोन दिवसांत सगळीकडे आम्हीच. मग आईकडून आलेले जिवाणू हळूहळू जमू लागले. दुधातली जी साखर बाळाला स्वतःला पचत नाही ती ते पचवायचे, वर बाळाच्या पोटाची राखणही करायचे. मी आपला आयतं खात बसलेला. तेव्हा मला पहिल्यांदा माझीच शरम वाटली.

निरोगी बाळांच्या पोटात कोण कोण राहतं हे बघायला दवाखान्याने आठव्या दिवशी नॅप्या मागवल्या. त्यात मी सापडलो. नळ पुसून घेतलेल्या नमुन्यातही मीच. डॉक्टरांनी आईला समजावलं की बाळ ठणठणीत आहे, औषधाची गरज नाही, अंगावर पाजत राहा, चांगली वस्ती वाढली की हा आपोआप जाईल. मला मान असती तर ती तिथेच खाली गेली असती.

मावशीने रिपोर्ट वाचला आणि तिला आपली करंगळी आठवली. त्यानंतर ती रोज घरी यायची, पण बाळाला घ्यायची नाही. कधी सर्दीचं निमित्त, कधी घाईचं. दाराशी उभी राहून नुसती बघायची. शेवटी एका दुपारी बहिणीने विचारलंच.

“ताई, तू याला घेत का नाहीस? आमचं काही चुकलं का?”

मावशी बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी नळ मी बोटांनी बंद केला होता. ते माझ्याच हातून गेलंय त्याच्या पोटात. जगाला हात धुवायला लावते मी.”

बाळ दोघींच्या मध्ये पाय झाडत होतं. खरा चोर मी आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं, पण जिवाणूला तोंड कुठलं?

“राग आलाय मला, खोटं कशाला बोलू,” आई म्हणाली. “पण त्याची नॅपी भरलीय. तू बदल.”

आम्ही उरलेसुरले त्याच नॅपीत होतो. नव्या शेजाऱ्यांनी आत आमचा टिकाव लागू दिला नव्हता, आणि बरंच केलं. मावशीने नॅपी घट्ट गुंडाळली. बाळा, बोलावल्याशिवाय तुझ्या घरात शिरलो, जमलं तर माफ कर. तुझ्या मावशीला मात्र माझ्यापायी दूर ठेवू नकोस.

न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या पिशवीतून मी ऐकतोय. पाणी कितीतरी वेळ वाहतंय. या घरच्या नळाला दांडा नाही, साधी गोल चावी आहे.

“जरा येतेस का गं?” मावशी ओले हात वर धरून हाक मारतेय. “नळ तेवढा तू बंद कर.”

आईची पावलं आली. पाणी थांबलं.

“घे आता याला,” ती म्हणाली.