अब्बा झेमेदकुनचं न संपणारं पातेलं

मोठ्या उपवासाचे दिवस. गावात कुणी मांसाला शिवत नव्हतं, तरी शिफेराव खाटकाच्या दुकानापुढे ही गर्दी लोटली होती. आकड्यांना बोकडांऐवजी मेणबत्त्या टांगल्या होत्या. खाटकाच्या मोठ्या तराजूमागे पिवळ्या कफनीतले ख्रिस्ती साधू अब्बा झेमेदकुन उभे होते.

"किलोभर कच्ची मसूर डाळ आणा, किलोभर शिजलेली न्या," अब्बा सांगत होते. "तराजू माणसासारखा खोटं बोलत नाही. आणि सगळ्यांना वाटूनही माझं पातेलं बघा, अर्ध्याच्या वरच!"

लोक पातेल्यात डोकावत आणि छातीवर क्रूस काढत. एकाने आशीर्वादाने वजन वाढेल म्हणून चप्पल तोलून घेतली होती. घरी ती तेवढीच भरली, तेव्हा खोट त्याच्या श्रद्धेत असल्याचं ठरलं.

शाळेत विज्ञान शिकवणारी वुबित हे बघत होती. रांगेत पुढे तिची आत्या अस्कालेच होती, गाढवावर वीस किलो डाळ लादून. उद्या तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. त्या जेवणातून कुणी अर्धपोटी उठलं, तर गाव विधवेला जन्मभर ऐकवतं. वुबितने कालच परोपरीने समजावलं होतं. आत्याचं म्हणणं एकच: वीस देऊन वीस मिळतात, सरपण वाचतं, वर आशीर्वाद फुकट.

या बायकांनी आयुष्यभर डाळ डब्याने मापली होती. शिजवून किती डबे होतात, हे त्या झोपेतही सांगतील. पण शिजलेली डाळ कधी कुणी तोललीच नव्हती. अब्बांनी डब्याच्या जागी किलो आणला, आणि बायकांची अक्कल चुलीपाशीच राहिली.

वुबित पुढे झाली. "अब्बा, किलोभर डाळ इथेच शिजवू द्या. तुम्ही मात्र हात लावायचा नाही."

"आशीर्वादाशिवाय? करपेल, मुली."

"मग ढवळायला गावातला सगळ्यात पापी माणूस द्या."

यावर बराच वाद झाला. दोन बायकांनी आपापल्या नवऱ्यांची नावं सुचवली. शेवटी मान मिळाला उपवासातही चोरून मांस खाणाऱ्या पहारेकरी देमिस्सेला. तो अभिमानाने बाह्या सरसावून आला.

वुबितने सगळ्यांसमोर पावणेदोन किलो पाणी तोलून घातलं. देमिस्से तोंडाने शिव्या देत ढवळत राहिला. डाळ शिजली, तराजूवर चढली आणि अडीच किलो भरली. किलोभर काढून घेतली, तरी दीड किलो पातेल्यात उरलीच.

मग एक म्हातारी देमिस्सेपुढे वाकली. "बाबा, माझ्या गुडघ्यावर हात ठेव." देमिस्सेनेही लगेच डोळे मिटून हात ठेवला.

"आजी, तो पाण्याचा गुण आहे," वुबित म्हणाली. "पाणी डाळीत शिरलं, थोडं वाफेवर गेलं. आत्या, डबाभर कच्ची डाळ शिजवलीस की किती होते?"

"दोन डबे, वर ओंजळभर. हे काय विचारणं झालं?"

वुबितने शिजलेल्या डाळीचा डबा भरून तोलला. साधारण किलो भरला. कच्च्या डाळीचा तोच डबा मात्र आठशे ग्रॅमच भरला. "म्हणजे अब्बा तुला देणार वीस डबे. तुझी वीस किलो म्हणजे पंचवीस कच्चे डबे, तुझ्याच चुलीवर त्यांचे होतील पन्नास."

आत्याने मनात पाहुण्यांची पंगत एकदा वीस डब्यांवर बसवली, एकदा पन्नासांवर. मग तराजूपाशी जाऊन शांतपणे म्हणाली, "अब्बा, आमचे तीस डबे कुठे जाणार होते?"

अब्बांनी आकाशाकडे बोट केलं. शिफेरावची नजर मात्र मागच्या दाराकडे गेली. तिथे शेजारच्या गावच्या खानावळीची गाडी उभी होती, आणि न संपणारं पातेलं तिच्यात रिकामं होत होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याच्या दारात पाहुणे पोटभर जेवले आणि आणखी वाढा म्हणाले. वाढायला डाळ होती.

नवल दिसलं की हात जोडण्याआधी तेच आपल्या चुलीवर करून बघावं. आपल्यालाही जमलं, तर ते नवल नसतं, नुसती कृती असते.