पळसाच्या रंगात पडलेली कढई

मी बाबारावांची लोखंडी कढई बोलतेय. हसू नका. बूड आधीच काळं आहे, लाजेनं आणखी काय काळं होणार!

बाबारावांची हयात भिलाईच्या पोलाद कारखान्यात गेली. तिथल्या कॅम्प-१ वस्तीतल्या त्यांच्या घरी वीस वर्षं मी भजी तळली. मग आली नॉन-स्टिक. ती नटवी शेगडीवर अन् मी मोरीमागे! भंगारवाल्याची हाक आली की माझे दोन्ही कान थरथरायचे.

एवढ्यात त्यांच्या लेकीला, प्रांजलीला, दुर्गजवळच्या खेड्यात कलाकारांच्या शिबिराचं बोलावणं आलं. दहा दिवस तिथंच राहायचं, झाडाफुलांचे रंग करायचे अन् शेवटी गावाला चित्र दाखवायचं. येताना स्टीलचं पातेलं आणा, असंही लिहिलं होतं.

"त्याईले काय समजते?" बाबाराव म्हणाले. "लोखंडानं भिलाई उभी केली, तुया रंग नाही होनार काय? कढई ने!"

ज्यांच्या घरी उतरली त्या रंभाबाईंचंच चित्र प्रांजलीनं काढायला घेतलं. बाई तीन दिवस केशरी लुगडं नेसून हलल्या नाहीत. त्या लुगड्यासाठी गावातली उरलीसुरली पळसफुलं माझ्यात उकळली. रंग पक्का बसावा म्हणून वर मूठभर हिरडा. हिरडा अन् लोखंड भेटले की काय होतं, मला ठाऊक होतं. पण कढईला विचारतो कोण?

रंग काळाकुट्ट झाला. चित्र तर उद्याच दाखवायचं! प्रांजली फोनवर रडायलाच लागली. "बाबा, तुमच्या लोखंडानं घात केला माया! घरी आली का हिले भंगारातच देते."

संपलं म्हटलं आपलं.

तेवढ्यात रंभाबाईंनी बोट बुडवून आपल्या पांढऱ्या बटेला लावलं अन् आरशात पाहिलं. "लुगरा ला छोड़ नोनी, मोर चुंदी ला करिया कर!" लुगडं राहू दे पोरी, माझे केस काळे कर!

दुसऱ्या दिवशी चित्रात लुगडं कोरं, केस मात्र काळेभोर, अन् शेजारी उभ्या रंभाबाईंचेही! त्यांचे यजमान बाबुलाल बघतच राहिले. "बिहाव के दिन अइसनेच रहिस," लग्नाच्या दिवशी अश्शीच होती, म्हणाले अन् चक्क लाजले. मग काय, अर्धं गाव रांगेत. चित्रासाठी नाही हो, डोक्यासाठी!

रंभाबाईंनी मला परत जाऊच दिलं नाही. बाबाराव महिन्यातून एकदा स्कूटरवर येतात, "पाह्य, लोखंड होय हे!" म्हणतात अन् मिशा रंगवून जातात. तेव्हा बाबांनो, जुनी कढई टाकू नका.

परवा दारात भंगारवाला आला. माझे कान थरथरले. त्यानं मला निरखून पाहिलं, हळूच टोपी काढली अन् डोकं पुढं केलं.