पायऱ्यांपाशीचं पाणी

फवारणीची फाईल सकाळपासून टेबलावर पडून होती आणि पाणीबाईंचा हात काही सहीकडे वळत नव्हता. पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासता तपासता त्यांची अकरा वर्षं गेली होती. खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

वस्ती आणि समुद्र यांच्यामधली पाणथळ जलपर्णीने गच्च भरली होती. दरवर्षी यंत्र लावून ती उपसायची, फोटो काढायचे, आणि दोन महिन्यांत ती पुन्हा हजर! यंदा साहेबांनी थेट औषध मारायचं ठरवलं होतं. त्यांचा हिशेब वरवर बिनतोड होता. ही वनस्पती खाऱ्या पाण्यात तग धरत नाही म्हणतात, पण बाईंच्या अहवालात तर दर महिन्याला खारेपणा भरपूर. मग बांधावरचा दरवाजा उघडून समुद्राचं पाणी आत घेऊन उपयोग काय? औषधच हवं, आणि तेही सोमवारी.

औषध पडलं की कोळंबी मरणार. बाईंचा धाकटा दीर त्या पाण्यातल्या कोळंबीवर पोट भरत होता. तीन दिवस तो वहिनीशी बोलला नव्हता. पानावर बसायचा, जेवायचा आणि उठून जायचा. तो भांडला असता तर बरं, असं बाईंना वाटे.

त्या संध्याकाळी त्या घरभर येरझारा घालत होत्या. सासऱ्यांनी निवृत्त होईपर्यंत बांधावरचा तो दरवाजा सांभाळला होता. ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या कागदात काहीतरी चुकतंय. खारं पाणी लागलं की ही पानं जळतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढी माजलीय म्हणजे पाणी गोडं आहे. तू बाटली कुठे भरतेस?"

"दरवाजाशी. तिथल्या पायऱ्यांवर. दुसरीकडे गुडघाभर चिखल आहे ना, बाबा."

 तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं की दरवाजाचं रबर केव्हाच झिजलंय, भरतीला तिथून समुद्र आत झिरपतो. खारं पाणी आहे ते तेवढ्याच कोपऱ्यात.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही. आणि मीही लिहून दिलं नाही. नोकरीची शेवटची दोन वर्षं होती, कोण त्या भानगडीत पडणार?"

रात्रभर बाईंचा डोळ्याला डोळा लागला नाही. रविवारी सकाळीच त्यांनी दिराला म्हटलं, "भावजी, होडी काढा." तो वल्हं घेऊन निघाला. पायऱ्यांपाशी मीटरने खारेपणा अठरा, म्हणजे समुद्राच्या जवळपास निम्मा, दाखवला. पन्नास हात आत गेल्यावर चार. मध्यभागी जेमतेम एक. अकरा वर्षं! केवळ पाय चिखलात जाऊ नयेत म्हणून बाई अकरा वर्षं त्या कोपऱ्यातलं पाणी सगळ्या पाणथळीच्या नावावर खपवत आल्या होत्या.

जिथे जलपर्णी कमरेएवढी वाढली होती तिथे दिराने होडी थांबवली. समोर नाल्याचं तोंड होतं आणि त्यातून साबणाचा फेस येत होता. नाला त्यांच्याच कॉलनीतून येत होता. साचलेलं, गोडं आणि सांडपाण्याने पोसलेलं पाणी. जलपर्णीला आणखी काय हवं?

सोमवारी उजाडताच त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. सगळं ऐकून साहेबांनी आधी दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यापासून आतला नमुना घ्या, जुनं उकरून काढू नका, तुमच्याच अंगाशी येईल, असं त्यांनी समजावलं. ते वाईट नव्हते; त्यांना फक्त निस्तरायचं नव्हतं.

"साहेब, अंगाशी आलंच पाहिजे. आज मी गप्प बसले तर ते औषध माझ्याच सहीने पडेल," असं म्हणून बाईंनी स्वतःच्या चुकीचा लेखी खुलासा टेबलावर ठेवला.

फवारणी थांबली. बाईंना कारणे दाखवा नोटीस आली आणि त्यांची बढती अडकली. पुढच्या उधाणाला दरवाजा उघडला गेला. आठवडाभरात पानं करपायला लागली, आणि बाईंच्या जिवाला थोडा थारा मिळाला.

नाल्याच्या तोंडाशी मात्र हिरवा पट्टा तसाच राहिला. घराघरांतून येणारं पाणी तिथे खारेपणा टिकूच देत नव्हतं. कॉलनीच्या सभेत बाईंनी ते सांगितलं, तेव्हा सगळे पालिकेला बोल लावू लागले. "पालिकेची चूक मी लिहून दिली आहे. आता आपली कोण लिहून देणार?" बाईंनी विचारलं.  शेवटी सासरे काठी टेकत उठले आणि सांडपाणी शुद्धीकरणाच्या मागणीवर त्यांनी पहिली सही केली. त्यांच्या मागोमाग, वहिनीकडे बघत, दीर उठला.

मंडळी, जलपर्णी कुठून तरी आपोआप टपकत नसते. पाणी आपण अडवतो, आपण घाण करतो, आणि सोयीच्या पायरीवर उभं राहून ते ठीक आहे असं लिहून मोकळे होतो. तिला हटवायचं असेल तर आधी आपण चिखलात पाय घालायला हवा.