दिव्याची खिडकी

शुक्रवारी ज्योतिसामींच्या माडीवर मुंगीला शिरायला जागा नसायची. राजवाड्यामागच्या गल्लीत चपलांचा ढीग, जिन्यावर माणसांची रांग, वर कापराचा धूर. आणि त्या धुरात बसलेले सामी समोरच्याने तोंड उघडायच्या आत बोलायला लागायचे.

"किडनी," एका म्हाताऱ्याला ते म्हणाले. "वेल्लूरला जावं की चेन्नईला, हाच घोर ना, कण्णू?" लहानथोर सगळ्यांनाच ते कण्णू म्हणत, बाळा म्हणावं तसं.

म्हातारा ढसाढसा रडू लागला. "बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, सामी! तुम्हांला कसं कळलं?"

"मला कुठे कळतं? दिव्याला कळतं. दिवा अम्मन देवीला सांगतो, अम्मन मला सांगते. मी नुसता टेलिफोन!"

गर्दीने भक्तिभावाने आपापल्या गालांवर थापट्या मारून घेतल्या.

मागे भिंतीला टेकून उभे असलेले अनिरुद्धराव मात्र गालातल्या गालात हसत होते. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. जिभेवर कापूर जाळायचा कसा, तसबिरीतून राख झडते ती कशी, हे पोरांना स्वतः करून दाखवत. आज आई, नागलक्ष्मी, त्यांना ओढून घेऊन आली होती. सामींवर तिचा फार जीव. "एकदा ये रे बाबा, मग काय बोलायचं ते बोल," म्हणाली होती.

सामींनी नेमकं त्यांच्याकडेच बोट केलं. "मास्तर मला पारखायला आले. पारखा. पण आधी घर पारखा. पुण्याहून एक सदाशिव तुमच्या बायकोस लिहितो, 'तुमच्या उत्तराची वाट पाहतो.' वाट पाहतो, मास्तर! का पाहतो?"

अनिरुद्धरावांच्या ओठांवरचं हसू विरलं.

खरं तर तो काटा त्यांच्या मनात आधीपासूनच होता. बायको विनुता राजवाड्यातल्या ग्रंथालयात मोडी कागद वाचायची. गावात इंटरनेट नवं आलं होतं. परदेशी गेलेल्या मुलांची पत्रं आता पडद्यावर यायची, निकाल पडद्यावर लागायचे. विनुताही सामींच्या माडीखालच्या ब्राउझिंग सेंटरमधे जायची. सामींचा मेहुणा सांबशिव ते चालवी. तिथून परतताना तिचा चेहरा उजळलेला असे, आणि तो उजेड आपल्यामुळे नाही, हे अनिरुद्धरावांना कळत असे. कधी विचारलं नव्हतं, पण पाहिलं मात्र रोज होतं.

आयुष्यभर चमत्कारांची साल सोलणारा हा माणूस त्या दिवशी एक प्रश्नही न विचारता जिना उतरला. सामींना हे कसं कळलं, हा विचार त्यांना शिवलाच नाही. कळलं ते काय, एवढंच डोक्यात घणासारखं बसत होतं.

घरी विनुता काकडी चोचवत होती. त्यांनी दारातूनच विचारलं, "सदाशिव कोण?"

"पुण्याचे अभ्यासक. मोडीतले."

"म्हातारे?"

"तरुण आहेत. मग?"

"'तुमच्या उत्तराची वाट पाहतो' असं लिहितात का अभ्यासक?"

विनुताचा हात थांबला. अनिरुद्धरावांना वाटलं, पकडली. पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं.

"त्यांना एका पाकक्रियेच्या कागदातला शब्द लागत नव्हता. त्याच्या उत्तराची वाट पाहतात ते," ती म्हणाली. "पण हे वाक्य तुम्हांस कुणी सांगितलं?"

"सामींनी."

"मी ते कुणास बोलले नाही, कुठे उतरवून घेतलं नाही. फक्त पडद्यावर वाचलं. सांबशिवच्या सेंटरमधे." ती उठली. "संशय मागून घ्या. आधी माझ्याबरोबर चला."

सेंटरमधे प्रत्येक यंत्राच्या पडद्यावर इंटरनेट उघडायची दोन चित्रं होती. एकावर तेवता दिवा, दुसरं साधं. भिंतीवर पाटी होती: 'दिव्याचीच खिडकी उघडा. दुसरीतून दृष्ट लागते आणि व्हायरस येतो. दिवा विचारेल, लक्षात ठेवू? हो म्हणा. अम्मनने लक्षात ठेवणे हे भाग्य.' सांबशिवने वहीत दोघांची नावं आणि केबिनचा नंबर लिहून घेतला.

विनुताने दिव्याची खिडकी उघडली, शोधायच्या चौकटीत एकच अक्षर दाबलं आणि हात मागे घेतला. चौकटीखाली एक यादी उलगडली. किडनी बदलणारं इस्पितळ. कुंभकोणचा घटस्फोटाचा वकील. कॅनडाचा व्हिसा का नाकारतात. गर्भ राहत नाही तर काय करावं.

"हे कुणी लिहिलं?" अनिरुद्धराव कुजबुजले.

"आपल्याआधी इथं बसलेल्यांनी. या खिडकीला विसरणं ठाऊक नाही. कधी कुठलं पान उघडलं तेही हिच्यात आहे, आणि तेव्हा कोण बसलं होतं ते सांबशिवच्या वहीत. आणि 'हो' म्हटलं की टपालाचा पासवर्डसुद्धा राहतो. मीही 'हो' म्हटलं होतं. दुसऱ्या खिडकीत बंद करताना सगळं पुसून टाकायची सोय आहे. म्हणून ती अशुभ!"

यादीतली ती दुःखं पाहून अनिरुद्धरावांना गलबलून आलं. ज्याला लोक अंतर्ज्ञान म्हणत होते, तो दुसऱ्याच्या दाराला लावलेला कान होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दिव्याच्या खिडकीतच टाइप केलं: 'मलेशिया, पिनांग, लहानपणी हरवलेला जुळा भाऊ, शोध कसा घ्यावा.' निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा तेच शोधलं आणि पैसे देऊन निघाले.

पुढच्या शुक्रवारी माडी तशीच ठासून भरली होती. अनिरुद्धराव पुढे जाऊन खाली मान घालून बसले. सामी प्रसन्न झाले. शेवटी मास्तर वळले तर!

"रडू नको, कण्णू," सामींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "तो जिवंत आहे. समुद्रापलीकडे. पिनांग! तुझा जुळा भाऊ, तुझंच तोंड, तुझेच डोळे..."

"काय?" बायकांच्या रांगेतून नागलक्ष्मी ताडकन उठली. "कुणाचा जुळा? अय्यो सामी, माझ्या पोटी एकच झाला! मज ठाऊक नसेल काय?"

सगळी माडी सामींकडे वळून पाहू लागली.

"मागल्या जन्मीचा!" सामी सावरून म्हणाले. "अम्मन मागला जन्म दाखवते."

"सामी, तो भाऊ मागल्या आठवड्यात जन्मला," अनिरुद्धराव उभे राहिले. "खाली, केबिनमधल्या पडद्यावर. मीच टाइप केला. अम्मनला खरं-खोटं कळलं असतं. यंत्राला कळत नाही. टाकलं ते ओकतं."

मग बायकांच्या रांगेतून उठून विनुताने लोकांना खाली नेलं. सांबशिव यंत्राची वायर उपटायला धावला, पण किडनीवाला म्हातारा त्याच्या आडवा उभा राहिला. विनुताने एकेक अक्षर दाबून दाखवलं. आपलं गुपित यादीत दिसलं तसं कुणी चिडलं, कुणी मान खाली घातली. दोघेतिघे मात्र 'सामींनी आपली परीक्षा पाहिली' म्हणत पुन्हा जिना चढले. असे असतातच.

"देवावर बोलत नाही मी," अनिरुद्धराव गर्दीला म्हणाले. "तुमचं मन ओळखणारा भेटला तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, याला कळलं कुठून? आणि खिडकी उघडाल ती विसरणारी उघडा. पासवर्ड देवालाही देऊ नका. त्याला लागत नाही."

लोक हसले. अनिरुद्धराव मात्र हसले नाहीत.

घरी जाताना ते विनुताला म्हणाले, "राख झडताना मी हात बघतो, डबी बघतो. इथं काहीच बघितलं नाही. त्याने तेच सांगितलं जे मला आधीच खरं वाटत होतं. त्यात त्याची करामत अर्धी, उरलेली माझी."

"मग आता?"

"आता विचारतो तरी. आधी विचारतही नव्हतो."

विनुताने चाल मंद केली. मग म्हणाली, "पुढल्या महिन्यात पुण्यात मोडीची परिषद आहे. बोलावलंय. सदाशिवही असतील."

अनिरुद्धरावांच्या छातीत पुन्हा काहीतरी टोचलं. पुरावा नव्हता, कारण नव्हतं, तरी टोचलं. अंधश्रद्धा अशीच असते, घरातलीसुद्धा.

"गाडी कधीची आहे?" त्यांनी विचारलं. "स्टेशनवर सोडायला येतो."